लिथियम बॅटरीचा चार्जर: पिन बसते का ते नंतर, आधी आकडे बघा

फवारणी पंपाचा चार्जर सापडेना झाला की घरातल्या अडॅप्टरांचा गुंता बाहेर निघतो. सेट-टॉप बॉक्सचा, वायफायचा, जुन्या पंपाचा, पोरांच्या कुठल्यातरी खेळण्याचा. त्यातल्या ज्याची गोल पिन पंपाच्या भोकात बसली तो लावायचा आणि लाल दिवा लागला की कामाला लागायचं. पंपात लेड-अॅसिड बॅटरी होती तोवर हे बरंचसं खपून गेलं. बॅटरी वर्षभर लवकर मेली, एवढंच. आता त्याच आकाराच्या पंपात लिथियम बॅटरी येते. गोल पिन मात्र तीच राहिली आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मोबाइल या लेखात मुद्दाम घेतलेला नाही. मोबाइलचा खरा चार्जर मोबाइलच्या पोटात असतो. भिंतीला लावतो तो डबा फक्त वीज पुरवतो; बॅटरीत किती भरायचं आणि कधी थांबायचं हे फोन ठरवतो. हेडटॉर्चमधला सुटा सेल, पंपाची, ड्रिलची किंवा ई-सायकलची बॅटरी यांचं सहसा तसं नसतं. तिथे हे सगळं बाहेरचा चार्जर ठरवतो, म्हणून तोच नीट निवडावा लागतो.

आत काय चालतं

लिथियम-आयन सेल दोन टप्प्यांत भरतो. आधी चार्जर ठरावीक करंट देत राहतो आणि सेलचं व्होल्टेज हळूहळू चढतं. ते ४.२० व्होल्टला पोचलं की चार्जरने ते तिथेच धरून ठेवायचं. मग करंट आपोआप उतरत जातो. तो सुरुवातीच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला की चार्जरने देणं बंद करायचं. लेड-अॅसिडला भरल्यावरही थोडंथोडं देत राहिलेलं चालतं, लिथियमला चालत नाही.

या ४.२० मध्ये ढिलाई असते ती ०.०५ व्होल्टची. त्याच्या वर सेल रेटला की निगेटिव्ह बाजूवर लिथियम धातूच्या रूपात साठायला लागतं, पॉझिटिव्ह बाजूचं रसायन अस्थिर होतं, गॅस तयार होतो. एकदा आतल्या उष्णतेनेच आणखी उष्णता तयार व्हायला लागली, की प्लग काढूनही ते थांबत नाही. त्यामुळे चार्जर किती झटपट भरतो यापेक्षा तो वेळेवर थांबतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

पहिली पायरी: सेलवर छापलेलं वाचा

सुट्या सेलवर '१८६५०' लिहिलेलं दिसतं. ते फक्त माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. आत कोणतं रसायन आहे हे या आकड्यावरून कळत नाही, ते व्होल्टवरून कळतं. ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलं असेल तर नेहमीचा लिथियम-आयन, तो ४.२० ला भरतो. ३.२ व्होल्ट लिहिलं असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला 'एलएफपी' म्हणतात तो, हा ३.६५ लाच भरतो. दिसायला दोन्ही सारखेच. एलएफपी सेल साध्या चार्जरमध्ये टाकला तर चार्जर त्याला ४.२० पर्यंत ढकलायला बघणार. काही चार्जरना यासाठी वेगळं बटण असतं. ते नसेल तर त्यात एलएफपी टाकू नये. ३.८ व्होल्ट छापलेले, ४.३५ ला भरणारे सेलही असतात; ते साध्या ४.२० च्या चार्जरवर थोडे कमी भरतात, त्यात धोका काही नाही.

१४५०० हा सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा असतो. घड्याळातल्या किंवा रिमोटमधल्या दीड व्होल्टच्या जागी तो चुकून गेला तर ते उपकरण जळू शकतं. उलट, रिचार्ज न होणारे लिथियम सेलही मिळतात, ते कुठल्याच चार्जरमध्ये टाकायचे नाहीत. सेलवर 'रिचार्जेबल' असं स्पष्ट दिसत नसेल तर चार्जरकडे वळायचंच नाही.

क्षमतेचा आकडाही वाचा, पण डोळे झाकून मानू नका. चांगल्या कंपनीच्या १८६५० सेलची क्षमता ३५०० ते ३६०० मिलिअँपियर-तासांच्या पलीकडे फारशी गेलेली नाही. पॅनासॉनिकचा हिरव्या रॅपरचा एनसीआर १८६५०बी ३४०० च्या आसपासचा, एलजीचा तपकिरी एचजी२ ३००० चा. त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेलं असेल तर तो आकडा रॅपर छापणाऱ्याच्या मनातला आहे. खात्री करायला सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो: अस्सल सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतो. पस्तीस ग्रॅमच्या खाली आला तर नळकांडं मोठं आणि आत माल कमी. असला सेल चांगल्या चार्जरमध्येही भरवशाचा नसतो.

दुसरी पायरी: पॅकचा शेवटचा व्होल्ट काढा

तयार बॅटरीत, म्हणजे पॅकमध्ये, बरेच सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे गुणाकार करावा लागतो. नेहमीच्या लिथियम-आयनचे दोन सेल ८.४ व्होल्टला भरतात, तीन सेल १२.६ ला, चार सेल १६.८ ला, पाच सेल २१ ला. ई-सायकलच्या ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा असतात, ती ४२ ला भरते. ४८ व्होल्टच्या तेरा सेलवाल्या बॅटरीला ५४.६. एलएफपीचा हिशेब वेगळा: चार सेलचा पॅक १४.६ ला भरतो, सोळाचा ५८.४ ला. चार्जरच्या लेबलावर 'आउटपुट' पुढे हाच आकडा पाहिजे. १२.६ च्या जागी १२ किंवा १३ असं नको, १२.६ च हवा.

आता पंपाकडे या. पंपावर मोठ्या अक्षरात '१२ व्होल्ट' असतं, आणि त्यावरून काहीच कळत नाही. झाकण उघडून बॅटरीवरचं बारीक लेबल वाचा. ११.१ लिहिलं असेल तर आत तीन सेलचा लिथियम-आयन आहे, चार्जर १२.६ चा. १२.८ असेल तर चार सेलचा एलएफपी, चार्जर १४.६ चा. १४.८ असेल तर चार सेलचा लिथियम-आयन, चार्जर १६.८ चा. १२ व्होल्ट ८ अँपियर-तास लिहिलेली, हातात घेतल्यावर दोन-अडीच किलोची जड बॅटरी असेल तर ती लेड-अॅसिड.

यांची अदलाबदल झाली तर काय होतं ते बघा. लेड-अॅसिडचा चार्जर १४.४ च्या आसपास जातो. तो तीन सेलच्या लिथियम पॅकला लावला तर एका सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात, म्हणजे थेट संकट. पॅकमध्ये बीएमएसची पट्टी, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडली की जोडणी तोडणारं सर्किट, असेल आणि ती धड असेल तर ती मध्येच तोडेल. पण बीएमएस ही शेवटची अडवणूक आहे. रोज तिच्यावर आपटत राहायचं ठरवलं तर एक दिवस ती जळते, आणि ती जळली हे बाहेरून कळत नाही. १६.८ चा चार्जर एलएफपीच्या चार सेलना लावला तरी प्रत्येकाला ४.२ मिळतात, ३.६५ च्या जागी. याच्या उलट १२.६ चा चार्जर एलएफपीला लावला तर धोका नाही, पण प्रत्येक सेलला जेमतेम ३.१५ मिळतात. हिरवा दिवा लागतो आणि पंप चार टाक्यांतच मान टाकतो. मग 'लिथियम बॅटरी टिकत नाही' म्हणून गावभर बोभाटा होतो.

लेड-अॅसिडचा चार्जर एलएफपीला 'चालतो' असं काही दुकानदार सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, कारण १४.४ म्हणजे सेलमागे ३.६. पण स्वस्त लेड-अॅसिड चार्जर १४.४ वर थांबेलच याची कोण हमी देणार? नवा योग्य चार्जर काहीशे रुपयांत येतो. नडीला एकदा लावला तर ठीक, रोजची सवय नको.

ड्रिल मशीनच्या बॅटरीवर '४८ व्हीएफ' सारखे आकडे छापलेले असतात ते सोडून द्या. आत बहुतेक वेळा पाच सेल निघतात आणि सोबतचा चार्जर २१ व्होल्टचा असतो. तो चार्जर हरवला म्हणून कुणी ४८ व्होल्टचा विकत आणला तर काय होईल ते सांगायला नको.

तिसरी पायरी: किती अँपियर

क्षमतेच्या निम्मा करंट हा सुरक्षित हिशेब. ३००० च्या सेलला दीड अँपियर, ८०० च्या छोट्या १४५०० ला ०.४ अँपियर. कमी दिला तर नुकसान नाही, फक्त वेळ लागतो: ३००० चा सेल अर्ध्या अँपियरवर साधारण सात तास घेतो. रात्रीची लाइन म्हणून पाणी द्यायला जाणाऱ्याच्या टॉर्चला एवढा वेळ दिवसा मिळतोच. घाई नसेल तर अर्धा अँपियर बरा. सेल थंड राहतो आणि जास्त टिकतो.

घोटाळा होतो तो छोट्या सेलचा. एक अँपियर ठरलेला चार्जर १४५०० लाही तेवढाच देतो, आणि तो छोटा जीव हाताला चटका बसण्याइतका तापतो. घरात लहान-मोठे दोन्ही सेल असतील तर करंट हाताने बदलता येणारा चार्जरच घ्या. लिटोकालाच्या लाय-५०० सारख्या चार्जरवर ३००, ५००, ७०० आणि १००० मिलिअँपियर असे चार पर्याय मिळतात. असा चार्जर सेल पूर्ण भरून, रिकामा करून खरी क्षमताही दाखवतो. ९९०० वाल्याची हवा त्यातही निघते.

पॅकच्या बाबतीत चार्जरवरचा अँपियर मूळ चार्जरएवढा किंवा त्याहून कमी असावा. जास्त नको.

चौथी पायरी: दुकानात हातात घेऊन

पहिली गोष्ट, मागून दोन पिना थेट बाहेर आलेला आणि सॉकेटमध्येच लटकणारा एका सेलचा हलका चार्जर टाळा. टॉर्चसोबत फुकट येतो तो हाच. यातल्या कित्येकांना नेमकं थांबणं माहीतच नसतं, आणि २३० व्होल्टची बाजू व सेलची बाजू यांच्यातलं अंतर आत इतकं कमी ठेवलेलं असतं की सेल काढताना झटका बसू शकतो. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा चार्जर बरा. त्याला पाच व्होल्टच मिळतात, आणि भिंतीकडची जबाबदारी मोबाइलच्या चांगल्या अडॅप्टरवर राहते. चार खणांचा यूएसबी चार्जर घेतलात तर अडॅप्टर निदान दोन अँपियरचा हवा. एक अँपियरवाल्यावर चार सेल भरायला अख्खी रात्र जाते.

भिंतीला लागणाऱ्या चार्जरवर किंवा अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणीखूण शोधा: वर आयएस १३२५२ किंवा नव्या मालावर ६२३६८ असा मानकाचा क्रमांक आणि खाली 'आर' व आठ आकडे. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अॅप घ्या, त्यात तो आर-क्रमांक टाका. कंपनीचं नाव, ब्रँड आणि वस्तू कोणती ते दिसतं. चार्जरवरचं नाव आणि अॅपमधलं नाव जुळत नसेल तर तो क्रमांक उसना आहे. सीई ही युरोपच्या खुणेची दोन अक्षरं बघून समाधान मानू नका. बहुतेक वस्तूंवर ती बनवणारा स्वतःच लावतो. आणि बीआयएसची नोंदणी खरी असली तरी ती झटका आणि आग यांपुरती बोलते. चार्जर तुमच्या सेलला नेमक्या व्होल्टवर थांबेल की नाही, ते तुम्हालाच बघायचं आहे.

इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असावं. नुसतं '२२० व्होल्ट' लिहिलेला चार्जर खेड्यातल्या चढ-उताराच्या विजेवर फार दिवस काढत नाही.

सुट्या सेलच्या चार्जरमध्ये प्रत्येक खणाला स्वतंत्र दिवा किंवा आकडा हवा. दोन खणांना मिळून एकच दिवा असेल तर दोन्ही सेल एकत्र भरले जात असण्याची शक्यता असते, आणि त्यांतला आधीपासून भरलेला सेल मार खातो. खणातली सरकती पट्टी ओढून बघा. संरक्षणाची पट्टी बसवलेला १८६५० सेल ६८ ते ७० मिलिमीटर लांब होतो. तो कोंबून बसवावा लागत असेल तर वरचं रॅपर फाटतं. रॅपरची गोष्ट किरकोळ नाही. सेलचा जवळजवळ सगळा पत्रा मायनस असतो, अगदी प्लसच्या बटणाच्या बाजूच्या खांद्यापर्यंत. मध्ये असते ती कागदाची एक पांढरी रिंग आणि त्यावरचं पातळ प्लास्टिक. तिथे चार्जरची टोकदार पट्टी घासून प्लास्टिक सोललं, की प्लस-मायनस एकमेकांना टेकतात. सेल उलटा घातला तर चार्जरने काहीही न करता गप्प बसायला हवं. ही सोय डब्यावर लिहिलेली असते, ती आहे का बघा.

'शून्य व्होल्ट अॅक्टिव्हेशन', 'रिपेअर मोड' ही जाहिरात मला आवडत नाही. २.५ व्होल्टच्या बराच खाली जाऊन महिनोन्महिने पडलेल्या सेलच्या आत तांबं विरघळून नको तिथे बसलेलं असू शकतं. असा सेल जिवंत करून वापरणं म्हणजे आतल्या शॉर्टला आमंत्रण. अपवाद एकच: संरक्षणपट्टीवाला सेल मीटरवर शून्य दाखवतो तेव्हा बहुधा पट्टीने वाट तोडलेली असते, सेल मेलेला नसतो. तो चांगल्या चार्जरमध्ये घातला की लगेच अडीच-तीन व्होल्ट दाखवायला लागतो. तसं झालं नाही तर बाद.

स्वतः जोडणी करणाऱ्यांसाठी एवढंच: टीपी४०५६ या चार्जिंग चिपची निळी पट्टी एका सेलपुरती चांगली आहे, ४.२ ला थांबते. पण बाजारात ती एक अँपियरवर ठरवून येते, त्यामुळे छोट्या सेलला तिच्यावरचा रोध बदलावा लागतो. आणि डीडब्ल्यू०१ ची संरक्षणचिप असलेलीच घ्या. यूएसबीच्या समोरच्या टोकाला दोनच तारा जोडायच्या जागा असलेली पट्टी बिनसंरक्षणाची, चार जागा असलेली संरक्षणाची.

पाचवी पायरी: घरी आल्यावर मीटर लावा

तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर इथे वसूल होतो. पॅकचा चार्जर असेल तर बॅटरी न जोडता, नुसता भिंतीला लावून त्याच्या पिनवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ च्या चार्जरने १२.५ ते १२.७ च्या दरम्यान दाखवावं. १४ दिसले तर लेबल काहीही म्हणो, तो परत करा. काही चार्जर बॅटरी लागल्याशिवाय शून्यच दाखवतात, त्यात दोष नाही. मग हिरवा दिवा लागल्यावर बॅटरीच्या टोकांवर मोजा.

सुट्या सेलच्या चार्जरमध्ये रिकाम्या खणात मोजून काही कळत नाही, आकडा उड्या मारतो. सेल भरू द्या. शेवटच्या तासात खणात असतानाच मधूनमधून दोन्ही टोकांवर मोजा, मीटरच्या सुया एकमेकींना टेकू न देता. आकडा ४.२० जवळ जाऊन थबकला पाहिजे. हिरवा दिवा लागला की सेल काढा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा: ४.१५ ते ४.२० आलं तर उत्तम. ४.१० च्या खाली आलं तर चार्जर लवकर सोडतोय, धोका नाही. ४.२५ च्या वर गेलं तर त्या चार्जरला घरात जागा नाही.

आणखी एक परीक्षा बहुतेक जण विसरतात. हिरवा दिवा लागल्यावर सेल तसाच दोन तास खणात ठेवा, आपण तिथेच असताना, आणि मग मोजा. आकडा तोच राहिला किंवा किंचित उतरला तर चार्जर खरंच थांबला. चढला असेल तर दिवा हिरवा झाला, पण चार्जर चालूच आहे.

सहावी पायरी: कुठे आणि कधी लावायचा

० ते ४५ अंश ही चार्जिंगची मर्यादा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा सकाळी किंवा रात्री जागं असताना लावा. उन्हातून आणलेला पंप आधी तासभर सावलीत ठेवा. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी उलटं ध्यानात ठेवायचं: गोठणाऱ्या थंडीत सेल वापरता येतो, पण भरायचा नाही. भरायचा तर आधी झोपण्याच्या पिशवीत घेऊन गरम होऊ द्या.

जागा फरशीची किंवा सिमेंटच्या ओट्याची हवी. गादी, कापसाची पोती, कडब्याची गंजी, डिझेलचा कॅन यांच्याजवळ नको. आणि माणसं झोपतात त्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दारात तर नकोच. वसईत २०२२ च्या सप्टेंबरात घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि त्यात एक लहान मुलगा गेला. मोठी बॅटरी झोपताना चार्जिंगला लावायची नाही, याला अपवाद ठेवू नका.

सेल कोमट लागणं ठीक. हातात धरवत नसेल तर भिंतीवरचं बटण बंद करा. बॅटरी फुगली असेल, गोडसर वास येत असेल, सुरसुर आवाज होत असेल तर हात लावायचा नाही. बटण बंद करून माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन लावा. छोट्या सेलने पेट घेतला आणि वीज तोडलेली असेल तर लांबून भरपूर पाणी मारत राहा. ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता उतरेपर्यंत तो सेल पुन्हा पेटू शकतो.

चार्जर घरी आला त्याच दिवशी त्याच्यावर आणि बॅटरीवर न पुसल्या जाणाऱ्या मार्करने एकच आकडा लिहा, '१२.६ पंप' असा. गडीमाणूस, घरची पोरं, शेजारी उसना नेणारा, सगळ्यांना तेवढं पुरतं. बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका. आणि मीटरवर नापास झालेला चार्जर भंगारात द्यायचा असेल तर आधी त्याची पिन वायरसकट कापून टाका, नाहीतर तो आठवडी बाजारात पन्नास रुपयांना पुन्हा विकायला बसेल.